गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर चालणं-फिरणं, व्यायाम: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर आणि बाळंतीण बायकांना व्यायाम शिकवणं हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं रोजचं काम. ती सहसा एकटी येत नाही. सोबत आई, सासू, नवरा नाहीतर नणंद असते आणि निम्मे प्रश्न त्यांचेच असतात. म्हणून ही उत्तरं तिच्यासाठी आहेत तशी त्यांच्यासाठीही आहेत. चालणं चांगलं असतं हे आता बहुतेकींना माहीत असतं. गाडी अडते ती दुसरीकडेच: संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार, मोठ्या पोराला कोण बघणार, गल्लीतून एकटीने फिरलं तर कोण काय बोलणार.

इथलं सगळं गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणासाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमची फाइल बघून वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

दिवस राहिल्यावर

दिवस गेले की आराम करायचा असतो ना? मग व्यायाम कशाला?

आराम हवाच. पण दिवसभर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास चाललं की हिशेब बसतो. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, चालतं.

यामुळे गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांचा धोका कमी होतो, वजन गरजेपेक्षा जास्त वाढत नाही, कंबर कमी दुखते, पोट साफ राहतं, झोप लागते. बाळंतपणानंतर मन खचण्याचं प्रमाणही कमी होतं. सरसकट बेड रेस्ट दिल्याने बाळ वेळेआधी जन्माला येणं टळतं, असं मात्र दिसून आलेलं नाही. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी कारण सांगून आराम दिला असेल तर तो घ्यायचाच. फक्त नीट विचारून घ्या: जिना बंद की चालणं बंद? नोकरी चालेल का? संबंध ठेवायचे का? आणि हे किती दिवस? ‘जरा जपा’ एवढंच ऐकून घरी आलेल्या बाईला घरचे नऊ महिने खाटेवर बसवून ठेवतात.

पहिल्या तीन महिन्यांत चाललं-फिरलं, जिना चढला तर गर्भ पडतो का?

नाही. सुरुवातीच्या काळातल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तिथे आईच्या चालण्या-बसण्याचा काही संबंध नसतो. ‘त्या दिवशी लग्नात फार फिरली म्हणून झालं’ हे वाक्य मी अनेक जणींच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते त्यांना घरच्या कोणीतरी सुनावलेलं असतं. असं बोलू नका.

या महिन्यांत मळमळ आणि थकवा एवढा असतो की दहा मिनिटंही पुरे वाटतात. तेवढंच करा. रक्तस्राव झाला तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

किती जोरात चालायचं?

चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी करा.

घरची सगळी कामं मीच करते. तेवढा व्यायाम पुरे नाही का?

घरकामात हालचाल होते आणि ती मोजलीही जाते. केर काढणं, बाजारातून चालत भाजी आणणं ही हालचालच आहे. पण ओट्याशी दीड तास एका जागी उभं राहून स्वयंपाक केल्याने हृदयाचा वेग वाढत नाही. पायावर सूज येते आणि कंबर भरून येते. चालताना पोटऱ्या आखडतात-सैलावतात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं, उभं राहून ते होत नाही. त्यामुळे ‘दिवसभर काम करते की’ म्हणणाऱ्या बाईलाही मोकळ्या चालण्याची गरज असते. स्वयंपाक करताना शक्य तिथे बसा. भाजी निवडणं, कणीक मळणं खुर्ची-टेबलावर होतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चार घरची धुणीभांडी करणारी, बांधकामावर विटा वाहणारी किंवा टँकर आला की बादल्या भरभरून वर नेणारी बाई गरोदर असेल, तर तिला व्यायामाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे. जड ओझं उचलण्याचं, तासन्‌तास उभं राहण्याचं काम आणि आपल्या मर्जीने, आपल्या वेगाने केलेला व्यायाम यांचा शरीरावर सारखा परिणाम होत नाही. अशा बाईला मी दुपारी पाय उंचावर ठेवून डाव्या कुशीवर अर्धा तास पडायला सांगते, आणि पुढे ‘बाळंतपणानंतर’मध्ये दिलेले, लघवी रोखून धरणाऱ्या खालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवते. तुमच्याकडे कामाला येणारी बाई पोटुशी असेल तर तिला दांड्याचा पोछा द्या, भांडी घासायला उंच स्टूल द्या, बादली अर्धीच भरू द्या. आणि शेवटच्या महिन्यात ती आली नाही तर पगार कापू नका.

खाली बसून फरशी पुसली की नॉर्मल होतं म्हणतात. खरं आहे?

उकिडवं बसण्याने मांड्या आणि खुब्यांचे सांधे मोकळे राहतात, एवढं खरं. ‘नॉर्मल’ची हमी मात्र कशानेच मिळत नाही. बाळ आडवं आहे का, वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, कळांमध्ये बाळाचे ठोके कसे आहेत, आईचा रक्तदाब किती आहे यावर सिझर ठरतं. गुडघे दुखत नसतील, वार खाली नसेल आणि तोल सांभाळता येत असेल तर भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला धरून उकिडवं बसण्याचा सराव करा. त्यासाठी ओल्या फरशीवर सरकत फिरायची गरज नाही. आणि सिझर झालं म्हणून तिने आळस केला असा अर्थ काढू नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात चालायचं कधी?

एप्रिलपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचा काळ इथे खरोखरच कठीण असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात तर सकाळी आठलाच ऊन चटका देतं. गरोदर बाईच्या शरीरात उष्णता आधीच जास्त तयार होत असते. अंगातलं पाणी कमी पडलं की चक्कर येते, पोट आखडून कळा आल्यासारखं होतं.

चालायची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर बरं वाटतं, पण डांबरी रस्ता आणि गच्ची रात्री नऊपर्यंत वाफा सोडत असतात. सातला गच्चीवर फेऱ्या मारणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं. त्यापेक्षा घरातच हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारा. कूलर लावून चालत असाल तर समोरची एखादी खिडकी किंवा दार उघडं ठेवा. बंद खोलीत कूलरने हवा दमट होते, घाम सुकत नाही आणि गार वाटत असूनही अंग तापतं. पाऊस येण्याआधीचे जूनचे दिवस या बाबतीत सगळ्यात फसवे. तेव्हा कूलरपेक्षा नुसता पंखा बरा.

निघण्याआधी ग्लासभर पाणी प्या आणि बाटली सोबत ठेवा. आल्यावर ताक, लिंबूपाणी किंवा कैरीचं पन्हं घ्या. रक्तदाब असेल तर मीठ आणि साखर निघाली असेल तर गूळ-साखर बघून. लघवी पिवळी जर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय. वटसावित्रीचा उपास याच दिवसांत येतो. उपास करणारच असाल तर पाणी आणि फळं सोडू नका, आणि त्या दिवशी चालण्याला सुट्टी द्या.

पावसाळ्यात शेवाळ आणि खड्डे सांभाळा. डेंग्यूचे डास दिवसाच चावतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात चालायचा सगळ्यात उत्तम काळ. बाळंतपण मे-जूनमध्ये असेल तर चालण्याची सवय थंडीतच लावून घ्या.

चालायचं कुठे? फुटपाथवर गाड्या आणि वरून मोकाट कुत्री.

सपाट आणि गोल फिरून परत येता येईल अशी जागा बघा: कॉलनीतलं उद्यान, शाळेचं मैदान, अपार्टमेंटचं पार्किंग. लांबवर सरळ जाऊ नका, थकल्यावर तितकंच परत यावं लागतं. सेमिनरी हिल्सची झाडी सुरेख आहे, पण आठव्या-नवव्या महिन्यात तो चढ नको. फुटाळा तलावावर संध्याकाळी गर्दी आणि गाड्या असतात, जायचं तर पहाटे जा. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, जागीच उभ्या राहा.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे सोबत. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून वेळ ठरवली की ‘आज नको’ची संख्या घटते. नवरा सोबत येणार असेल तर त्याने शेजारी चालावं. गाडीवर बसून मागून हळूहळू येणारे नवरे मी पाहिले आहेत.

साडीवर बूट? बाप्पा, लोक काय म्हणतील!

म्हणू द्या. गुळगुळीत झालेल्या स्लिपरवरून घसरण्यापेक्षा ते परवडलं. पाय सुजलेले असतात म्हणून बूट संध्याकाळी विकत घ्या, अर्धा नंबर मोठे. साडी घोट्याच्या वर नेसा आणि परकराची नाडी पोटाच्या खाली, सैल बांधा. सलवार किंवा ट्रॅक पॅंट जास्त सोयीची. सासूबाईंनीही तीच घालून सोबत यावं, सुनेवर कोणाची नजर राहत नाही.

योगासनं आणि प्राणायाम केलं तर?

मार्जारासन, भिंतीच्या आधाराने ताडासन, बद्धकोनासन, श्वास न रोखता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालतात. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक करू नका. पोटावर झोपून करायची भुजंगासन-धनुरासन, पोटाला पीळ देणारी आसनं आणि शीर्षासनही नकोत. चौथ्या महिन्यानंतर बराच वेळ पाठीवर उताणं पडू नका. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि घाबरल्यासारखं होतं. शवासनसुद्धा डाव्या कुशीवर करा. सूर्यनमस्कार आधीपासून करत असाल तर जाणकार शिक्षकाकडून बदल करून घ्या. गरोदरपणात नव्याने सुरू करू नका.

जिम, पोहणं, सायकल, टू-व्हीलर?

आधीपासून हलकी वजनं उचलत असाल तर श्वास न रोखता चालू ठेवा. पोहणं उत्तम, सांध्यांवर भार येत नाही. टाकी स्वच्छ हवी आणि उड्या नकोत. सायकल एका जागची चालेल, रस्त्यावरची नको. टू-व्हीलर व्यायामात मोडत नाही, पण विचारतात सगळ्या, म्हणून सांगते: पोट वाढलं की तोल बदलतो, आणि नागपूरचे खड्डे तुम्हाला माहीतच आहेत. सहाव्या महिन्यानंतर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

रक्त कमी आहे, मग चालू की नको? आणि सिकलसेल असेल तर?

हा प्रश्न विदर्भात विचारायलाच हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गरोदरपणात ॲनिमिया धरतात, ७ च्या खाली गंभीर. गंभीर असेल तर आधी उपचार, व्यायाम नंतर. मधल्या आकड्यांवर सावकाश चालायला हरकत नाही, पण दोन जिने चढून धाप लागत असेल तर ती ‘सवय नाही म्हणून’ असं समजून सोडून देऊ नका.

सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात: गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर वाया जाते. लिंबूपाण्यासोबत घ्या, हंगाम असेल तर संत्र्यासोबत. आपल्या गावात तेवढं तरी जमतं.

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याची तपासणी केली नसेल तर करून घ्या, नवऱ्याचीही. वाहक, म्हणजे एएस, असाल तर रोजचं चालणं करता येतं. उन्हात, तहानलेल्या अवस्थेत दमेपर्यंत मेहनत मात्र करायची नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच, असेल तर गरोदरपण जोखमीचं असतं. हालचाल किती करायची ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, लोहाच्या गोळ्याही त्यांना विचारूनच घ्या. हाडं दुखू लागली, छाती भरून आली, ताप आला तर वाट पाहू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांची मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून चालू आहे. आशाताईंना विचारा, जवळचं केंद्र त्या सांगतील. जोखमीचं गरोदरपण असेल तर शहरात डागा, मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेतच.

साखर निघाली आहे. चालण्याने उतरते का?

मदत होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अशा वेळी एकदाच तासभर चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं जास्त कामाचं, कारण जेवणानंतर चढणारी साखर चालताना स्नायू वापरतात. इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून खडीसाखर किंवा ग्लुकोज बिस्किटं सोबत ठेवा.

कधी थांबायचं?

यातलं काहीही झालं तर व्यायाम लगेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा:

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
- ठराविक वेळाने येणाऱ्या, दुखणाऱ्या कळा
- छातीत दुखणं, चालायला सुरुवात करण्याआधीच धाप लागणं
- चक्कर, जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी
- एकाच पोटरीला दुखरी सूज
- बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं

गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, २६ आठवड्यांनंतरही वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, किंवा जुळी असून वेळेआधी कळांची भीती असेल, तर इथलं वाचून काही सुरू करू नका. रुग्णवाहिका हवी असेल तर १०२ किंवा १०८.

बाळंतपणानंतर

आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खोलीबाहेर पडू देत नाहीत. मग हालचाल कशी करू?

सव्वा महिन्याची प्रथा मोडा, असं मी कोणालाही सांगत नाही. त्यात बरंच चांगलं आहे: तिला स्वयंपाकातून सुट्टी मिळते, गोडंबी घातलेले डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश आणि आयतं गरम जेवण मिळतं. नोकरदार घरांतल्या किती बायकांच्या वाट्याला आज हे येतं? वाईट आहे ते फक्त खाटेवर निपचित पडून राहणं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणापेक्षाही जास्त असतो. खोली दहा बाय दहाची असली तरी तिच्यात चालता येतं. बाळाला पाजून झालं की चार फेऱ्या मारा. बसल्या-पडल्या पावलं वर-खाली हलवा, घोटे गोल फिरवा.

मालिश करणाऱ्या बाईला दोन गोष्टी सांगून ठेवा: टाक्यांवर हात नाही, आणि पोटरी एकाच बाजूला सुजून दुखत असेल तर चोळायची नाही. आधी दाखवायचं. बाजेखालची कोळशाची शेगडी बंद खोलीत नको. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. मे महिन्यात कान बांधून, स्वेटर घालून, खिडक्या लावून बसवलेल्या बाळंतिणीला ऊन न लागताही उष्माघात होऊ शकतो. बाळालाही.

पॅड तासाभरात भिजत असेल, ताप किंवा घाण वास येत असेल, डोकं प्रचंड दुखून अंधुक दिसत असेल तर सव्वा महिन्याचा विचार न करता दवाखाना गाठा.

सिझर झालंय. कधीपासून उठायचं?

डॉक्टर परवानगी देतील त्या क्षणापासून, बहुधा २४ तासांच्या आतच. सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. खोकताना, शिंकताना, हसताना टाक्यांवर उशी दाबून धरा. वाकून चालायचा मोह होतो, पण ताठ चाला, नाहीतर कंबर धरते. सहा आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलू नका: पाण्याची बादली नाही, गॅसचं सिलिंडर नाही आणि मोठं पोरगंही नाही. त्याला ‘आई बसली की मांडीवर यायचं’ हे शिकवायचं काम घरच्यांचं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर हळूहळू वाढवा.

खोकलं, शिंकलं की लघवी गळते. हे होतंच असतं का?

अनेकींना होतं, पण ते अंगवळणी पाडून घ्यायचं नसतं. इतक्या जणी पॅड लावून वर्षानुवर्षं गप्प राहतात की विचारायची सोय नाही. लग्नाला जाताना आधी बाथरूम कुठे आहे ते बघतात, नाचायचं टाळतात आणि घरात कोणालाच पत्ता नसतो. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून उचलून धरणारे स्नायू ताणले गेलेले असतात. त्यांचा व्यायाम असा: वात सोडायचा नाही आणि लघवीही रोखायची आहे, अशा बेताने खालचा भाग आत-वर ओढा. मांड्या, ढुंगण आवळू नका, पोट आत घेऊ नका, श्वास चालू ठेवा. पाच सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बाळाला पाजायला बसलं की करायचं असं ठरवलं तर विसरत नाही. नेमके स्नायू कळावेत म्हणून एकदा लघवी मध्येच थांबवून बघा, पण त्याची सवय लावू नका.

गरोदरपणातच सुरू केले तर उत्तम. तीन महिन्यांनी फरक पडला नाही, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टला सांगा. लाजू नका.

पोट बांधलं की आत जातं का?

नाही. सिझरनंतर पट्ट्याने आधार मिळतो, चालताना दुखणं कमी होतं, तेवढ्यासाठी बांधा. करकचून बांधलं तर सगळा दाब खालच्या स्नायूंवर येतो. पोट सुटलेलं दिसण्याचं एक कारण म्हणजे मधले स्नायू दोन बाजूंना सरकलेले असतात. पाठीवर झोपून गुडघे मुडपा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपून पाहा. फट दोन बोटांपेक्षा रुंद असेल आणि आठ आठवड्यांनंतरही भरली नसेल तर दाखवा. तोवर पाठीवर पडून सरळ उठून बसायचे किंवा डोकं-खांदे उचलायचे पोटाचे व्यायाम (सिट-अप, क्रंच) अजिबात नकोत.

व्यायामाने दूध आटतं का?

नाही, आणि आंबटही होत नाही. आधी पाजून घ्या, म्हणजे छाती जड राहणार नाही. पाणी जास्त प्या.

रडू येतं, उठावंसंच वाटत नाही. चालण्याने बरं वाटेल का?

पहिले आठ-दहा दिवस उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उदास असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, झोप मिळूनही लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. चालण्याने मदत होते, पण ते उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवस-रात्र, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचा विचार मनात आला तर तिला एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.

घरच्यांसाठी

आम्ही तिला ‘चाल, फिर’ म्हणतोच. आणखी काय करायचं?

म्हणणं थांबवा आणि अर्धा तास मोकळा करून द्या. कोणता, ते घड्याळ बघून ठरवा. समजा संध्याकाळी साडेसहा ते सात: त्या वेळात कुकर नवरा लावेल, मोठं पोरगं आजोबांसोबत जाईल, पाहुणे आले तर चहा सासूबाई करतील. ‘वेळ मिळेल तेव्हा जा’ याचा अर्थ ‘जाऊ नको’ असाच होतो, कारण तो वेळ कधी मिळत नाही. ती परत आल्यावर ओट्यावर साचलेली कामं तिची वाट बघत असतील तर दुसऱ्या दिवशी ती जाणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर सातव्या महिन्यानंतर घर बदलतं आणि चालणं तुटतं. डोहाळजेवणाच्या दिवशीच आई किंवा भावाला सांगून ठेवा, तिकडे सोबत कोण जाणार ते. आणि तिचं वजन, पोट, ‘किती सुटलीस गं’ यावर कोणी बोलू नये. बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांनीही.

नोकरी आहे, दिवसभर खुर्चीत. काय करता येईल?

तासाला एकदा उठा, पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे भरायला जावंच लागेल. उभं राहायचं काम असेल, म्हणजे नर्स, शिक्षिका, दुकानातली सेल्सगर्ल, तर एक पाय बुटक्या स्टुलावर आलटून-पालटून ठेवा आणि बसायला मागा. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असलं पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. बहुतेक जणी हे मागत नाहीत, कारण कोणी सांगितलेलंच नसतं.

बाळ तीन महिन्यांचं होईल. नवरात्रात गरबा खेळू का?

उड्या आणि धावणं याला तीन महिने हा कमीत कमी काळ धरा. आधी स्वतःला तपासा: अर्धा तास भरभर चालल्यावर लघवी गळते का, खाली जड वाटतं का, टाके किंवा कंबर दुखते का? एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? चारही ठिकाणी गाडी सुरळीत असेल तर बाहेरच्या रिंगणात, सावकाश टाळीने सुरुवात करा, गिरक्या आणि उड्या पुढच्या वर्षी. गळल्यासारखं वाटलं की बाजूला व्हा. आणि बाळाला डीजेजवळ नेऊ नका. त्याच्याजवळ घरी कोण थांबणार, हे घटस्थापनेच्या आधीच ठरवून घ्या.